पत्रावळीवरची शिते आणि शेगावची सेवा

आज माघ वद्य सप्तमी. वऱ्हाडातील घरोघरी पहाटेपासून सडासंमार्जन झाले असेल, दारी रांगोळी उमटली असेल, सप्ताहभर चाललेल्या पारायणाचा एकविसावा अध्याय आज पूर्ण होईल. आणि दुपारी पिठले, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कांदा व हिरवी मिरची असा नैवेद्य श्रीगजानन महाराजांपुढे ठेवला जाईल. ज्या देवघरात एरवी साजूक तुपातले मोदक आणि पुरणाची पोळी यांचा मान, त्याच देवघरात आजच्या दिवशी शेतकऱ्याच्या शिदोरीला अग्रमान मिळतो, ही गोष्ट आमच्या माताभगिनींना इतकी सवयीची झाली आहे की तिच्यातील अर्थाकडे लक्ष जाईनासे झाले आहे. प्रकटदिनाच्या निमित्ताने त्या अर्थाचाच थोडा विचार करावा, या हेतूने आम्ही आज हा लेख भाविक वाचकांच्या सेवेस सादर करीत आहोत.

गेली चाळीस वर्षे या बुलढाणा जिल्ह्यात आणि त्याच्या भोवताली कीर्तनसेवा करण्याचे भाग्य आम्हांस लाभले. त्या काळात शेगावी येणारे लक्षावधी भाविक आम्ही पाहिले. समाधीचे दर्शन झाले, महाप्रसाद झाला, अंगारा मिळाला, म्हणजे यात्रा सफल झाली असे बहुतेकांस वाटते. ते वाटणे चूक नाही. परंतु शेगावी देवाइतकेच पाहण्यासारखे आणखी काही आहे, आणि ते आहे तेथील सेवेचे रोजचे जीवन. त्या सेवेचे मूळ कोठे आहे हे पाहू गेल्यास आपण थेट प्रकटदिनाच्या प्रसंगापाशीच येऊन पोहोचतो.

प्रकट झाले ते कोठे?

२३ फेब्रुवारी १८७८. शेगावात देविदास पातुरकरांच्या घरी मुलाच्या ऋतुशांतीचे कार्य होते. पंगती उठल्या, उष्ट्या पत्रावळी घराबाहेर टाकल्या गेल्या. त्या पत्रावळींपाशी एक दिगंबर पुरुष बसून उरलेली शिते वेचून खात असताना बंकटलाल अग्रवाल व दामोदरपंत कुळकर्णी यांनी पाहिला. अन्नासाठी हपापलेला मनुष्य असा खात नाही, याच्या मुद्रेवर काही निराळेच तेज आहे, हे त्या दोघांनी ओळखले. त्यांनी घरातून ताट वाढून आणविले. त्या पुरुषाने सर्व पदार्थ एकत्र कालविले, गोड-तिखटाचा भेद न करता सेवन केले. आणि हे दोघे पिण्याचे पाणी आणावयास गेले तोवर गुरांसाठी भरून ठेवलेले पाणी पिऊन तो तृप्त झाला. संतकवी दासगणू महाराजांनी आपल्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ही कथा विस्ताराने सांगितली आहे. दासगणू स्वतः थोर कीर्तनकार होते. कथेचा आरंभ कोठून करावा हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

वाचकहो, अवतारी पुरुषांच्या प्राकट्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. कोणी स्तंभातून प्रकटला, कोणी कमळातून, कोणी यज्ञकुंडातून. वऱ्हाडचा हा संत मात्र गावाच्या उकिरड्यावर, टाकून दिलेल्या अन्नापाशी प्रकट झाला. आपण जे फेकून देतो ते तो वेचीत होता. पुढे त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थानाने हे वेचणेच आपले व्रत मानले, असे आम्हांस वाटते. टाकलेले अन्न, टाकलेली मुले, रोगाने टाकलेली शरीरे आणि वाटेवरून दूर पडलेली गावे यांच्याकडे त्या संस्थानाची दृष्टी प्रथम गेली.

शास्त्र काय सांगते?

उष्टे म्हणजे उच्छिष्ट. व्यवहारात ते त्याज्य. परंतु आमच्या इतिहासपुराणांनी याच उच्छिष्टाभोवती फार गहन कथा गुंफल्या आहेत. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील नकुलाख्यान आपणांस स्मरत असेल. धर्मराजाचा अश्वमेध थाटाने पार पडला, दानाची कीर्ती दिगंतात गेली, तोच अर्धे अंग सोन्याचे झालेला एक मुंगूस यज्ञमंडपात आला व म्हणाला की या यज्ञाची योग्यता त्या गरीब ब्राह्मणाच्या मूठभर सातूइतकीही नाही. कुरुक्षेत्रात शेतात पडलेले दाणे वेचून जगणारे एक कुटुंब होते. दुष्काळात कष्टाने मिळविलेले सातूचे पीठ चौघांनी वाटून घेतले आणि तोंडात घास घालणार तोच दारी अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला, मग पत्नीने, मग पुत्राने, शेवटी सुनेने. अतिथी तृप्त झाला. त्या ठिकाणी सांडलेल्या कणांत लोळल्याने मुंगसाचे अर्धे अंग सुवर्णाचे झाले होते. उरलेले अर्धे सोन्याचे व्हावे म्हणून तो यज्ञामागून यज्ञ हिंडत होता आणि धर्मराजाच्या यज्ञातही त्याची निराशाच झाली.

राजसूय यज्ञात सेवा वाटून देण्यात आल्या तेव्हा भगवान श्रीकृष्णांनी कोणती सेवा मागून घेतली? महाभारत सांगते की आलेल्या ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. आमच्या मराठी संतांनी आणि कीर्तनपरंपरेने त्याच्याही पुढे जाऊन देवाला उष्ट्या पत्रावळी उचलावयास लाविले. मूळ ग्रंथात ती गोष्ट नाही, हे संस्कृताचा अभ्यासक या नात्याने आम्ही जाणतो. तथापि महाराष्ट्राच्या लोकमानसाला देवाच्या हाती पत्रावळ असावी असेच वाटले, हेही तितकेच खरे आहे. ज्या मातीत ही कथा रुजली त्या मातीत गजानन महाराज पत्रावळीपाशी प्रकटले, आणि शेगावच्या भोजनगृहात आज पंगत उठल्यावर ताटे उचलणारा सेवाधारी तीच कथा हातांनी सांगत असतो.

दानाचे तीन प्रकार भगवंतांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहेत. त्यातील तामस दानाचे लक्षण पाहण्यासारखे आहे. घेणाऱ्याचा सत्कार न करता, त्याचा अवमान करून दिलेले दान तामस होय. वस्तू तीच, रक्कम तीच. परंतु देताना भुवई चढली की दान तामस झाले. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्यास निरोप देताना श्रद्धेबरोबरच लज्जेनेही दान करावयास सांगतात. दात्याने लाजावयाचे! घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून देणाऱ्याने आपली मान लवविली पाहिजे, असा या उपदेशाचा आशय आम्ही घेतो. अन्न देणे सोपे आहे. अन्न देताना समोरच्याचे मन न दुखविणे, हे अवघड व्रत आहे.

शेगावचा एक दिवस

हे व्रत शेगावी कसे पाळले जाते? महाराजांच्या हयातीतच, १९०८ साली, संस्थानची स्थापना झाली. पुढे ८ सप्टेंबर १९१० रोजी, भाद्रपद शुद्ध पंचमीस म्हणजे ऋषिपंचमीस, महाराज समाधिस्थ झाले. खाली भुयारात समाधी आणि वर श्रीरामाचे मंदिर अशी तेथील रचना आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावर शेगाव स्थानक आहे. गाडीतून उतरलेल्या भाविकाला मंदिरापर्यंत आणण्यासाठी संस्थानचीच गाडी विनामूल्य उभी असते. सेवेचा आरंभ असा स्थानकापासूनच होतो.

पहाटे काकडआरतीने मंदिर जागे होते. परंतु काकडआरतीच्या आधीच जागे झालेले काही जण असतात. झाडू मारणारे, फरशी पुसणारे, रांगेची व्यवस्था लावणारे, चुली पेटविणारे. हे सेवाधारी. पांढरे वस्त्र, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात माळ, मुखी नाम. ते पगारी नोकर नव्हेत. कोणी खामगाव-मलकापुराकडील शेतकरी आहे, कोणी अकोल्याकडील शाळामास्तर आहे, कोणी निवृत्त कारकून आहे, कोणी मोठ्या हुद्द्यावरचा अभियंता रजा काढून आलेला आहे. नाव नोंदवावयाचे, पाळी येईपर्यंत वाट पाहावयाची, पाळी आली की नेमलेले दिवस नेमलेले काम करून परत आपल्या प्रपंचात जावयाचे, असा हा क्रम. काम कोणते मिळेल ते आधी ठरलेले नसते. पादत्राणे सांभाळण्याच्या जागी बसावे लागेल, भाजी निवडावी लागेल, वृद्धाच्या हाताला धरून पायऱ्या उतरवाव्या लागतील, किंवा नुसतेच रांगेच्या वळणावर हात जोडून उभे राहावे लागेल.

आम्ही एकदा एका सेवाधाऱ्यास ओळखले. आपल्या गावात ज्यांचा शब्द झेलावयास दहा माणसे उभी असतात असे ते सद्गृहस्थ पादत्राणांच्या खिडकीपाशी बसून एका मजुराच्या चिखलाने भरलेल्या वहाणा दोन्ही हातांनी घेत होते. आम्ही नमस्कार केला, तेव्हा त्यांनी ओळखीचे स्मित केले, पण बोलण्यात वेळ घालविला नाही. मजुरामागे रांग उभी होती. बाहेरच्या जगातील मान तेथे आत येत नाही. सेवाधारी एकमेकांना आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'माऊली' म्हणतात. रांगेतील धनिक बाई माऊली, तिच्या मागची मोलकरीण माऊली, रडणारे पोर माऊली, आणि रांग मोडून पुढे घुसू पाहणारा उतावळा गृहस्थही माऊलीच! ज्याला माऊली म्हटले त्याच्यावर खेकसणे जिभेला जड जाते. एका शब्दाने केवढी शिस्त साधली आहे, हे व्यवस्थापनाचे शास्त्र शिकणाऱ्यांनी येऊन पाहावे.

दुपारच्या आरतीनंतर काय आणि एरवी काय, महाप्रसादाच्या पंगती अखंड चालू असतात. तेथे जात विचारीत नाहीत, गाव विचारीत नाहीत, देणगीची पावती विचारीत नाहीत. वाढणारा आग्रह करतो, पण पानात टाकावे लागेल इतका करीत नाही. हवे असेल तर पुन्हा मागा, टाकू मात्र नका, अशी विनवणी करतो. पंगत उठली की क्षणार्धात जागा स्वच्छ होऊन दुसरी पंगत बसते. कोणी आनंदाने सेवाधाऱ्याच्या हातावर दोन रुपये ठेवू पाहिले तर तो हात जोडतो आणि दानपेटीकडे बोट दाखवितो. सूर्यास्ताच्या सुमारास धूपारती, मग हरिपाठ, कीर्तन, आणि रात्री शेजारती. देव झोपला की पुन्हा झाडू सुरू होतो. हा क्रम वर्षाचे सर्व दिवस चालतो, आणि प्रकटदिनासारख्या उत्सवात, जेव्हा गावोगावच्या शेकडो दिंड्या टाळमृदंगांच्या गजरात पायी शेगावी येतात, तेव्हाही तो ढळत नाही.

मंदिराच्या भिंतीपलीकडे

मंदिरातील सेवा मंदिरातच संपली असती तरी ती पुण्यप्रदच ठरली असती. परंतु समाधीपुढे पडलेला पैसा समाधीपाशी साठून राहू नये, तो जेथून आला त्या समाजाकडे परत जावा, ही दृष्टी संस्थानने ठेविली. रुग्णांसाठी दवाखाना निघाला. त्यात आधुनिक वैद्यकाबरोबर आयुर्वेद व होमिओपॅथी यांसही स्थान मिळाले. या जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत आदिवासी बांधवांच्या वस्त्या आहेत. तेथील रोग्याने शेगावी येण्याची वाट न पाहता औषधाची गाडीच त्याच्या वस्तीकडे जाऊ लागली. मतिमंद मुलांसाठी विद्यालय निघाले. ज्या मुलास घरातही कधी कधी कोपऱ्यातच बसविले जाते, त्याच्यासाठी शिक्षक, खेळ व उपचार यांची सोय झाली. १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि वऱ्हाडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलास आपल्याच मुलखात अभियंता होण्याची वाट मोकळी झाली.

आम्हां कीर्तनकारांस विशेष आनंद देणारी सेवा आणखी एक आहे. ज्या खेड्यात भजनी मंडळ आहे पण साहित्य नाही, अशा खेड्यांना संस्थान टाळ, मृदंग, वीणा देते आणि त्यांच्यासमवेत ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत व तुकोबांची गाथा हे ग्रंथही देते. संध्याकाळी देवळात टाळ वाजू लागले की गावची तरुण मुले पारावरून उठून आत येतात, हे आम्ही अनेक गावी डोळ्यांनी पाहिले आहे. दवाखान्याच्या गाडीने शरीराचा ताप उतरतो, टाळांनी मनाचा. दोन्ही औषधे एकाच ठिकाणाहून निघतात.

२०२० साली महामारीमुळे शासनाच्या आदेशाने देशभरची देवळे बंद झाली, तेव्हा शेगावचेही दर्शन थांबले. भाविकांना ते फार कठीण गेले. परंतु त्या काळात संस्थानने आपल्या वास्तू विलगीकरणासाठी दिल्या आणि गरजूंसाठी अन्न शिजविले. देवाचे दार लागले असताना देवाची चूल पेटती राहिली. जो देव पत्रावळीपाशी प्रकटला त्याला याहून मोठी पूजा कोणती आवडली असती?

एका कर्मयोग्याचे स्मरण

या साऱ्या सेवेचा विचार करताना कर्मयोगी शिवशंकरभाऊ पाटील यांचे नाव आल्यावाचून राहत नाही. १९४० साली जन्मलेले भाऊ तरुणपणीच संस्थानच्या कामात शिरले आणि ४ ऑगस्ट २०२१ रोजी देह ठेवीपर्यंत त्यातच राहिले. कोट्यवधींचा कारभार त्यांच्या देखरेखीखाली चालला, परंतु संस्थानचे पाणीसुद्धा आपण घ्यावयाचे नाही, हा दंडक त्यांनी पाळला असे शेगावकर आजही सांगतात. सत्कार टाळावे, भाषणे टाळावी, छायाचित्रात मागे उभे राहावे, विचारले तर सर्व श्रेय महाराजांच्या चरणी घालावे, असा त्यांचा स्वभाव. देवाच्या द्रव्याचे विश्वस्तपण म्हणजे काय याचा वस्तुपाठ त्यांनी घालून दिला.

भाऊ गेले तेव्हा अनेकांच्या मनात एक शंका आली, आणि ती आमच्याही मनात आली. एका माणसाच्या चारित्र्यावर उभी राहिलेली शिस्त तो माणूस गेल्यावर टिकते काय? इतिहासात अशी उदाहरणे थोडी नाहीत की, संस्थापक गेले आणि मागे इमारती राहिल्या. शेगावच्या बाबतीत याचे उत्तर विश्वस्तांच्या कार्यालयात मिळणार नाही. ते पादत्राणांच्या खिडकीपाशी मिळेल. जोवर आपला मानमरातब गावी ठेवून कोणी तेथे येऊन बसतो, तोवर भाऊ गेलेले नाहीत.

समुद्रापलीकडून आलेली एक सेविका

सेवेचा हा धर्म केवळ आमचाच आहे, असे मात्र कोणी मानू नये. महाराज समाधिस्थ झाले त्याच्या अवघे तेरा दिवस आधी, २६ ऑगस्ट १९१० रोजी, दूर युरोपात स्कोपये नावाच्या गावी एका आल्बेनियन कुटुंबात एक कन्या जन्मली. ती अठराव्या वर्षी घर सोडून ख्रिस्ती जोगीण होण्यास निघाली, १९२९ साली समुद्र ओलांडून भारतात आली आणि कलकत्त्यातील शाळेत मुलींना शिकवू लागली. शाळेच्या भिंतीबाहेर रस्त्यावर पडलेले दरिद्री पाहून तिचे मन शाळेत रमेना. १९४८ साली तिने तो आश्रम सोडला, पाटण्यास जाऊन शुश्रूषेचे शिक्षण घेतले, आणि निळ्या काठाचे जाडेभरडे पांढरे लुगडे नेसून ती गल्लीबोळांतून हिंडू लागली. तीच पुढे मदर तेरेसा म्हणून जगाला ठाऊक झाली. १९५० साली तिचा सेविकांचा संघ स्थापन झाला.

त्या संघाचा दिनक्रम पाहावा, तो आमच्या आश्रमधर्माशी मिळताजुळता आहे. पहाटे पाचाच्या आधी उठणे, प्रार्थना, मौन, आपली वस्त्रे आपणच बादलीत धुणे, मग रोग्यांची अंगे पुसणे, जखमा धुणे, भरविणे. संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. स्वतःची मालमत्ता म्हणावी तर दोन-तीन लुगडी आणि एक बादली. आधी प्रार्थना आणि मग सेवा, हा क्रम त्या कधी मोडीत नाहीत. कारण प्रार्थनेवाचून केलेल्या सेवेत लवकरच अहंकार शिरतो, हे सर्व धर्मांच्या साधकांनी ओळखले आहे. १९६५ साली या संघाचे भारताबाहेरील पहिले केंद्र दक्षिण अमेरिकेत, व्हेनेझुएलात निघाले. एके काळी समुद्रापलीकडून आमच्याकडे सेविका आली होती, आता आमच्या देशात वाढलेला सेवासंघ समुद्रापलीकडे जाऊ लागला.

येथे आमच्या कित्येक वाचकांच्या मनात धर्मांतराचा प्रश्न उभा राहील. तो प्रश्न आम्ही टाळीत नाही. १९५२ साली काळीघाटच्या कालीमंदिरालगतच्या, पूर्वी यात्रेकरूंसाठी असलेल्या जागेत मरणोन्मुखांसाठी 'निर्मल हृदय' उघडले गेले, तेव्हा तेथेही या शंकेने मोठा विरोध झाला. पुढे त्याच मंदिराचा एक पुजारी क्षयाने आजारी पडला, त्याला कोठे जागा मिळेना, तेव्हा या भगिनींनीच त्याची शेवटपर्यंत शुश्रूषा केली आणि विरोध मावळत गेला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. आमचे मत विचाराल तर आम्ही इतकेच म्हणू: सेवेच्या मोबदल्यात जे काही मागितले जाईल, मग ते द्रव्य असो, मत असो, जयजयकार असो की धर्म असो, त्या मागणीने सेवेचा व्यापार होतो. हा नियम दुसऱ्यांस लावण्याचा अधिकार आम्हांस आहे, पण आधी तो आम्ही स्वतःस लावून घेतला पाहिजे. आणि दुसऱ्याच्या सेवेत जे शुद्ध आहे ते पाहून आपली मान आदराने लवली, तर आपला धर्म त्याने उणा होत नाही.

याच वऱ्हाडच्या मातीत गाडगेबाबा झाले. हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून मने झाडावी, हा त्यांचा क्रम. पंढरपुरासारख्या क्षेत्री त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःसाठी खोली बांधली नाही. अमरावतीस डॉक्टर शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारून महारोग्यांना घर दिले. ही माणसे आपल्यातलीच. त्यांच्या वाटेने जावयास समुद्र ओलांडावा लागत नाही, उंबरा ओलांडला तरी पुरते.

आपल्या दारातील अकोली

आणि आता थोडे परखड बोलावयाचे आहे. कीर्तनकारास तेवढी मोकळीक श्रोते नेहमीच देत आले आहेत. 'गजाननविजया'त अकोलीची कथा आहे. भर उन्हात तहानलेले महाराज शेतात काम करणाऱ्या भास्कर पाटलांकडे पाणी मागतात. पाटील म्हणतात, धष्टपुष्ट असून फुकट मागतोस, तुला पाणी पाजून पुण्य ते कसले? महाराज काही न बोलता जवळच्या विहिरीकडे वळतात. ती बारा वर्षे कोरडी, आणि महाराजांच्या कृपेने तिला पाणी येते. भास्कर पाटील चरणी लोळण घेतात व पुढे थोर भक्त होतात. या कथेतील चमत्कारावर आपण माना डोलावतो. परंतु भास्कर पाटलांनी पाणी नाकारताना जे शब्द वापरले, ते आपल्या दारी रोज ऐकू येतात की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

एका गावी सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी आम्ही पाहिले. मंडपात नामाचा गजर चालू होता. पंगतीत फाटक्या वस्त्राचा एक वाटसरू येऊन बसला. एका कार्यकर्त्याने त्याचा दंड धरून उठविले आणि 'तुमची पंगत मागून' असे सांगून दूर झाडाखाली बसविले. वाटसरू निमूटपणे उठला. थोड्या वेळाने पाहतो तो झाडाखाली कोणी नव्हते. त्या दिवशी मंडपात किती मण गहू लागले याचा हिशेब ध्वनिवर्धकावरून मोठ्या अभिमानाने सांगण्यात आला. परंतु ज्याच्यासाठी ते अन्न शिजले होते तो न जेवताच निघून गेला होता. भगवंतांनी तामस म्हटलेले दान ते हेच.

श्रीमद्भागवताच्या नवम स्कंधात रंतिदेवाची कथा आहे. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपवासानंतर मिळालेले अन्न त्याने एकामागून एक आलेल्या अतिथींना वाटले, कुत्र्यांचा कळप घेऊन आलेल्या भुकेल्यालाही आदराने नमस्कार करून दिले. आणि उरलेले घोटभर पाणी ओठी लावणार तोच समाजाने अस्पृश्य मानलेला एक तहानलेला मनुष्य आला, त्याला ते पाणी देऊन टाकले. त्याने मोक्ष मागितला नाही; सर्व जीवांचे दुःख आपल्या अंतरी यावे, एवढेच मागितले. रंतिदेवाइतके सामर्थ्य आपणां प्रापंचिकांत कोठून येणार? पण दारी आलेल्याला ओंजळभर पाणी आणि एक गोड शब्द देण्यास राज्य लागत नाही.

आजच्या दिवशी एवढे करावे

पुराणांनी गृहस्थास एक सुंदर नियम सांगितला आहे. वैश्वदेव झाला की लगेच पानावर बसू नये. गाईची धार काढण्यास जितका वेळ लागतो तितका वेळ अंगणात उभे राहून अतिथीची वाट पाहावी. आता अंगणे राहिली नाहीत, धार काढणारेही थोडे. परंतु आजच्या दिवशी नैवेद्य झाल्यावर तेवढा वेळ दाराकडे पाहावे. कोणी येईल असे नाही. रस्ता झाडणारी बाई असेल, भाजीची गाडी ढकलणारा असेल, शेजारच्या बांधकामावरचा मजूर असेल, नाहीतर वरच्या मजल्यावर एकटे राहणारे, मुले परदेशी गेलेले कोणी वृद्ध असतील. त्यांना बोलवावे. उरलेसुरले न देता, देवापुढे ठेवलेल्या ताटातलेच द्यावे. उंबऱ्याबाहेर न देता, आत बसवून द्यावे. देताना मनात तरी माऊली म्हणावे. आणि घरातील लहान मुलांना त्यांचे ताट उचलावयास सांगावे. पारायणाचे एकवीस अध्याय त्या एका कृतीत मुलांच्या अंगी उतरतील.

आपल्या पानात एक शीतही टाकू नये, हे तर आजच्या दिवशी सांगणे न लगे. ज्यांनी टाकलेली शिते वेचली त्यांच्याच उत्सवात शिते टाकली जावीत, यापरते दुर्दैव नाही.

शेगावच्या सेवेचे मर्म आम्हांस जे उमगले ते येवढेच आहे. तेथे जाऊन सेवा घेणारे लक्षावधी आहेत, तेथे राहून सेवा करणारे सहस्रावधी आहेत. तेथून सेवा आपल्या घरी घेऊन जाणारे किती, यावरच या उत्सवाचे साफल्य ठरावयाचे आहे. श्रीगजानन महाराज आमच्या सर्व भाविक वाचकांस ती बुद्धी देवोत, आणि ज्यांच्या दारी आज कोणी भुकेला येईल त्यांना त्याच्या ठायी महाराजांचीच ओळख पटो, ही त्यांच्या चरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.